कृपा, कृतज्ञता आणि रुग्णसेवक

ईश्वराची जी देणगी मनुष्य स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवू शकत नाही आणि जिचे मोल तो कधी चुकवूही शकत नाही, तिला ख्रिस्ती परंपरेत ‘कृपा’ असे म्हटले जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही व्याख्या आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. परंतु तिचा खरा अर्थ बहुतेकांना आजारपणात उमगतो. अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याजवळ परतफेडीसाठी काहीच उरलेले नसते. त्याला कुशीवर वळविणारे, भरविणारे, स्वच्छ करणारे हात दुसऱ्याचे असतात. ह्या हातांचे आपण काय देणे लागतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत कृपेसाठी ‘खारिस’ हा शब्द आहे आणि आभारासाठीही तोच वापरला जातो. पवित्र मिस्साबलिदानाला असलेले ‘युखारिस्त’ हे नाव त्याच धातूपासून बनले असून त्याचा अर्थ उपकारस्तुती असा होतो. लॅटिन ‘ग्रात्सिया’ हा शब्दही देणे आणि देण्याची जाणीव असे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत कृपा आणि कृतज्ञता हे दोन निराळे शब्द आहेत. पण ‘कृतज्ञ’ ह्या शब्दाने आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट जपून ठेवली आहे. कृतज्ञ म्हणजे आपल्यासाठी काय केले गेले हे जाणणारा. आभार मानणे पुढे येते, आधी जाणणे येते.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ ह्या ग्रंथात कृतज्ञतेचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांच्या मते कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या आहेत. मिळालेला उपकार ओळखणे ही पहिली, तो शब्दांनी व्यक्त करणे ही दुसरी, आणि योग्य वेळी, योग्य स्थळी, ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे ही तिसरी. कृतघ्नतेचा क्रम ह्याच्या उलट आहे. परतफेड न करणे हा दोष खरा. आभार न मानणे हा त्याहून मोठा. परंतु उपकार झाला हेच लक्षात न येणे हा सर्वांत मोठा. परतफेडीतही वस्तूपेक्षा देणाऱ्याच्या अंतःकरणाकडे पाहावे, असे ते सांगतात. ह्या सर्वांत मोठ्या दोषाचा विचार करताना मला केळव्यातील एक प्रसंग आठवतो.

पानवेलीच्या वाड्या, सुरूची बने आणि शीतलादेवीचे देऊळ ह्यांमुळे केळवे सर्वांना परिचित आहे. केळवे रोड स्थानक गावापासून काही किलोमीटर अंतरावर आहे, आणि मोठ्या दुखण्यासाठी पालघर, वसई किंवा थेट मुंबई गाठावी लागते. मुले नोकरीनिमित्त बोईसर-तारापूरला किंवा मुंबईला जाऊन-येऊन असतात. तेव्हा घरातील वृद्धाची शुश्रूषा करण्यासाठी जवळच्या पाड्यावरील एखादी बाई ठेवली जाते. अशाच एका घरी मी एका आजीला ख्रिस्तशरीर द्यायला जात असे. खोलीत शिरण्यापूर्वी तेथे काम करणारी बाई खाट झाडून, आजीचे केस विंचरून, मेजावर स्वच्छ कापड अंथरून ठेवी. ती ख्रिस्ती नव्हती. मेणबत्ती मात्र तीच पेटवी आणि मग पडवीत जाऊन बसे.

आजी प्रभूच्या घरी गेल्यावर कुटुंबाने उपकारस्तुतीचा मिस्सा ठेवला. शेवटी मी सर्वांचे आभार मानले. डॉक्टर, नातलग, शेजारी, गायकवृंद, मंडप घालणारे, कोणी राहिले नाही असे मला वाटले. बाहेर पडताना ती बाई चपलांच्या ढिगाजवळ उभी दिसली. मी घरच्यांना तिचे नाव विचारले. सर्व जण तिला ‘मावशी’ म्हणत असत. पूर्ण नाव कुणालाच सांगता आले नाही. दीड वर्ष त्या घरी येत असूनही मलाही ते ठाऊक नव्हते. घरच्यांनी तिचा पगार कधी चुकविला नव्हता, उलट दोन साड्याही दिल्या होत्या. म्हणजे तिसरी पायरी आम्ही चढलो होतो, पहिली तशीच राहिली होती. ह्यात कुटुंबापेक्षा माझा दोष अधिक आहे, कारण कृपेवर प्रवचने देणे हे माझे काम.

संत लूकच्या शुभवर्तमानात शोमरोनी मनुष्य दोन ठळक प्रसंगी भेटतो. दहाव्या अध्यायात तो लुटल्या गेलेल्या वाटसरूची सेवा करतो. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांपैकी प्रभूचे आभार मानायला परतणारा एकटा शोमरोनी असतो. सेवा करणारा तोच आणि उपकार स्मरणारा तोच, आणि दोन्ही वेळा तो परका आहे, आपल्या धर्मपरंपरेबाहेरचा. कृपा कुणाच्या हातून यावी हे आपण ठरवत नाही, हा बोध त्यात आहे.

पहिल्या दाखल्यातील आणखी एका पात्राकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी मनुष्य दुसऱ्या दिवशी निघून जातो आणि त्यानंतरची खरी शुश्रूषा ह्या रक्षकावर पडते. त्यासाठी त्याला दोन दिनार दिले जातात. त्या काळी एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. अधिक खर्च झाल्यास परत येऊन भरून देण्याचे वचनही दिले जाते. पगार घेऊन केलेली सेवा कमी प्रतीची, अशी एक समजूत आपल्यात आहे. ‘पैसे देतोच ना?’ हा प्रश्न अनेक घरांत ऐकू येतो. प्रभू येशूने मात्र वेतन आणि दया एकाच दाखल्यात शेजारी ठेवली आहेत. योग्य मजुरी आणि आठवड्याची हक्काची सुटी हा न्यायाचा भाग आहे आणि तो आधी पूर्ण झाला पाहिजे. रात्री तिसऱ्यांदा उठूनही त्रासिक शब्द न काढणे ह्याची नोंद मात्र कोणत्याही पगारपत्रकात होत नाही. कृपा त्या ठिकाणी असते.

ह्या सेवेचा मोठा वारसा आपल्या वसई धर्मप्रांताला लाभला आहे, आणि आपण तो पुरेसा सांगत नाही असे मला वाटते. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे हौतात्म्य सर्वांना ठाऊक आहे. त्यांची रुग्णसेवा थोड्यांना. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेले गोन्सालो तरुणपणी येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात उतरले आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. धर्मगुरू झाले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1593 साली पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्यासोबत ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ह्या फ्रान्सिस्कनांनी क्योटो येथे मठाला लागून रुग्णालये उभारली. समाजाने टाकून दिलेले कुष्ठरोगी तेथे आश्रयाला येत. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांचे परिवर्तनही कुष्ठरोग्यांच्या सहवासात घडले होते, तेव्हा त्यांच्या पुत्रांनी हे काम निवडावे ह्यात नवल नाही.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रुसावर खिळण्यात आले. त्यांत गोन्सालो होते, तसेच ह्या रुग्णालयांत काम करणारे जपानी प्रापंचिकही होते. पॉल सुझुकी हे त्यांपैकी एक. म्हणजे त्या टेकडीवर उपदेशकांच्या बरोबरीने रुग्णांच्या जखमा धुणारेही उभे होते. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस ह्यांनी ह्या सर्वांना संतपद दिले. त्याच काळात रोममध्ये संत कॅमिलस दे लेलिस रुग्णांना आपले धनी मानून त्यांची सेवा करीत होते, आणि 1586 साली त्यांच्या मंडळाला पोपची मान्यता मिळाली होती. एक जण वसईचा, दुसरा इटलीचा. दोघांची भेट कधी झाली नाही, परंतु खाटेजवळ वाकण्याची रीत एकच.

आपल्या काळातील उदाहरण हवे असल्यास मुंबईत वांद्रे येथे 1986 साली सुरू झालेले शांती अवेदना सदन पाहावे. शल्यविशारद डॉ. लुईस जुझे डिसोझा ह्यांनी स्थापन केलेली ही भारतातील पहिली अंतिमोपचार संस्था. बरे होण्याची आशा न उरलेल्या कर्करुग्णांना तेथे विनामूल्य सांभाळले जाते. उपचार संपले तेथे सेवा संपत नाही, हे अशा ठिकाणी डोळ्यांनी दिसते.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखावर ‘साल्विफिची दोलोरिस’ हे पत्र लिहिले आणि त्याच्या अखेरीस दयाळू शोमरोन्याचे चिंतन केले. 1993 पासून 11 फेब्रुवारी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. अनेक धर्मग्रामांत त्या दिवशी वृद्धांना व आजाऱ्यांना मंदिरात आणून तैलाभ्यंग दिला जातो. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या कपाळाला तेल लागते. खुर्ची ढकलणारी व्यक्ती मागे उभी असते आणि तिच्याकडे पाहण्यास वेळ नसतो. अलीकडे मी रुग्णाबरोबर तिचेही नाव विचारून घेतो व श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या नावांचा उच्चार करतो. रांग लांबते, काही जण घड्याळाकडे पाहतात.

केळव्याच्या त्या बाईची काही महिन्यांनी रस्त्यात भेट झाली. ती दुसऱ्या एका घरी कामाला लागली होती. मी तिची क्षमा मागितली, आभार मानले आणि नाव विचारले. तिने ते सांगितले आणि लगेच विचारले, “फादर, आजींची खाट आता कोण वापरतं? तिचा एक पाय आखूड आहे. खाली वीट ठेवायला सांगा, नाहीतर माणूस पडेल.”