पापडाची राखण

उल्हासनगरात आजही पत्ता सांगतात तो ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असा. हे ‘कॅम्प’ आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली जवळपास लाखभर माणसं सैनिकांच्या रिकाम्या बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून तिचं नाव पडलं उल्हासनगर.

लहानपणी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही बराकीच्या ओट्यावर सागरगोटे खेळायचो, शेजारच्या सिंधी आजींनी खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकायचो. राखणीची मजुरी म्हणजे एक भाजलेला पापड! घरदार मागे टाकून आलेल्या कितीतरी बायकांनी पापड लाटूनच संसार पुन्हा उभे केले, हे आम्हाला बचत गटात आल्यावर उमगलं.

त्या आजी आता थोड्याच उरल्यात. गटाच्या वहीची मागची पानं कोरीच असतात. पुढच्या बैठकीआधी आपापल्या गावातल्या एका आजींना विचारू या, “तुम्ही इथे आलात तेव्हा इथे काय होतं?” त्या सांगतील ते तसंच उतरवून घेऊ या.