दापोलीच्या पेन्शनरांची मंडळी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत "काहीतरी इतिहासाचे लिहा" असा संपादक-भगिनींचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की जुन्नरकरांच्या तोंडी शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री ही नावे आधी येतात. त्यांवर लिहिणारे जाणते पुष्कळ आहेत. मी निराळाच विषय घेतला आहे. फौजेतून पेन्शन घेऊन घरी आलेली माणसे एकत्र जमतात तेव्हा ती काय करतात?

जुन्नर-आंबेगावच्या गावोगाव असे पेन्शनर आहेत. देवळाच्या पारावर नाहीतर एस्टीच्या थांब्याशी त्यांची बैठक बसते. चहा होतो, पलटणीच्या गोष्टी होतात, आणि घरी वाट पाहणारी बाई म्हणते, "बसले असतील रिकामटेकडे!" मीही हे पुष्कळदा म्हटले आहे. परंतु अशा बैठकींचा माग काढीत मागे मागे गेले, ती सह्याद्रीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीस जाऊन पोहोचले. तेथल्या पेन्शनरांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक मंडळी स्थापन केली होती. तिची हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही.

दापोलीला जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणत. पेशवाई बुडाल्यावर १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी तेथे लष्करी ठाणे केले. पुढे कवायती फौज हलली, तरी वयस्क शिपायांची एक पलटण काही वर्षे तेथे राहिली. हवा थंड, राहणी स्वस्त. त्यामुळे नोकरी संपलेले शिपाई, हवालदार, सुभेदार तेथेच घरे करून राहू लागले. (आपल्या भगिनींना हेही सांगावेसे वाटते की स्त्रीशिक्षणाचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड याच दापोलीच्या टापूतले.) या पेन्शनरांत महार समाजातील पुष्कळ होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या होत्या. पलटणीत ज्याला सलाम मिळाला, त्याच सुभेदाराला गावी आल्यावर पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागे. छातीवर पदक आणि डोक्यावर विटाळ, अशी ती अवस्था होती.

त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. आपल्या ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील-डुंबरे ज्या सत्यशोधक चळवळीत होते, तिच्याच 'दीनबंधु' पत्रात गोपाळबाबा लिहीत असत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोठे आहे, असे त्यांनी तीत धर्ममार्तंडांना उघड विचारले. आणि १८९० च्या सुमारास दापोलीच्या पेन्शनरांना जमवून त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. नाव जरा जड आहे खरे. त्या काळी सभांची नावे अशीच असत.

ही माणसे लिहिणारी-वाचणारी कशी झाली, हे आम्हां बायकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. फौजेत शिक्षणाची सक्ती होती. मुलांसाठी दिवसाची शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लिहून ठेवले आहे की कंपनी सरकारच्या फौजेतली ही सक्ती शिपायांच्या मुलग्यांना होती तशीच मुलींनाही होती. ज्या काळी पुण्यासारख्या शहरात मुलीच्या हातात पाटी दिली म्हणून सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली, त्या काळी छावणीच्या चाळीत शिपायाची लेक मुळाक्षरे गिरवीत होती! बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घराण्यातल्या. आपला माळशेज घाट उतरले की मुरबाडचा मुलूख लागतो, म्हणजे तशा त्या आपल्या शेजारणीच. त्यांचे वडील आणि चुलते सगळे फौजेत सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. पेन्शन झाल्यावर रामजीही काही काळ दापोलीस येऊन राहिले. भीमराव तेव्हा अगदी लहान होता.

आता दापोलीत घडले ते असे. छावणीतल्या शाळेत शिकलेले हे बाप गावात आले, आणि नगरपालिकेच्या शाळेत त्यांच्या मुलांना जागा मिळेना. १८९२ मध्ये पेन्शनरांनी अर्ज केला: आम्ही कर भरतो, शाळा सर्वांच्या पैशावर चालते, आमची मुले घ्या. कायदा त्यांच्या बाजूचा होता, गाव नव्हते. मुलांना वर्गात बसू देईनात. त्यांची जागा बाहेर ओसरीवर. आत मास्तर शिकविणार आणि बाहेर बसलेल्या पोराने कान देऊन ऐकावयाचे. पावसाळ्यात कोकणातली ओसरी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. पेन्शनरांनी तरीही दाद मागणे सोडले नाही. तक्रार कोणाकडे न्यावयाची, अर्ज कसा लिहावयाचा, उत्तर आले नाही तर वरच्या साहेबाला कसे कळवावयाचे, हे सारे पलटणीतल्या कागदपत्रांनी त्यांना शिकविले होते.

त्याच सुमारास दुसरा घाव बसला. लॉर्ड रॉबर्ट्स या सरसेनापतीच्या काळात सरकारने लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद काढला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शिपायाचा पगार गेला, पुढची पेन्शन गेली, आणि त्यांच्याबरोबर ती शाळाही गेली. मला वाटते, पगारापेक्षा शाळेचे नुकसान मोठे होते. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्ज लिहवून घेतला, असे कीरांनी नमूद केले आहे. गोपाळबाबांच्या मंडळीनेही १८९४ साली सरसेनापतींच्या नावे लांबलचक अर्ज तयार केला. आमच्या वाडवडिलांनी इमानाने चाकरी केली, आता आम्हांला नीच म्हणून का दूर करता, असा त्याचा सूर. परक्या सरकारपुढे राजनिष्ठेचे दाखले मांडणारी ही भाषा आज वाचताना थोडी खटकते. पण ज्याच्या दाराशी दाद मागावयाची त्याला कळेल असेच बोलावे लागते. आणि शेजाऱ्याचे दार तर बंदच होते.

भरती काही सुरू झाली नाही. गोपाळबाबा १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकलबोर्डाचे सभासद झाले आणि १९०० साली वारले. मागणी मात्र मागे राहिली नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ती उचलली, 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले, मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले आणि १९१० मध्ये थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरताच चार वर्षांच्या आत ती मोडण्यातही आली. कायमची महार रेजिमेंट झाली ती १९४१ साली, बेळगावास. दापोलीच्या त्या अर्जानंतर ४७ वर्षांनी!

मधल्या काळात या पेन्शनरांनी एक काम केले ते महाडास. १९२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहात आणि डिसेंबरातल्या परिषदेत शिस्त राखावयास निवृत्त सैनिक उभे होते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे भाषण करून लुगडे नीट नेसण्यापासून मुलींना शाळेत घालण्यापर्यंत सांगितले.

सरकारी व्यवस्था पुष्कळ उशिरा आली. १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड निघाले. १९५१ मध्ये त्याचे नाव बदलले आणि १९७५ पासून त्याला केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणतात. जिल्ह्याजिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून गोळा होतो. आपणही त्या चिमुकल्या झेंड्याची टाचणी पदराला लावतो. पण कार्यालय पुण्यास आणि म्हातारी डोंगरातल्या वाडीत, हे अंतर कोणी तोडावयाचे?

माझे सासरे पेन्शनर होते. अक्षर सुरेख, म्हणून गावातले सगळे अर्ज आमच्या ओट्यावर लिहिले जात. ते गेल्यावर सासूबाईंच्या नावाने पेन्शन व्हावयाची, तर फौजेच्या कागदात त्यांचे माहेरचे नाव आणि रेशनकार्डात सासरचे. एका कचेरीने सांगितले, "बाई त्याच कशावरून?" पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईला हा प्रश्न! आठ महिने गेले. अखेर पारावरच्या त्याच रिकामटेकड्या बैठकीतले दोघे जण आपल्या खर्चाने तीनदा पुण्यास गेले, पंचांचे जबाब जोडले आणि काम करून आले. चहाशिवाय काही घेतले नाही. त्यानंतर मी त्यांना रिकामटेकडे म्हणणे सोडले.

त्या बैठकीत आजही बाई बसत नाही. फौजेत गेलेल्याची बायको पेन्शनीची वारस असते, परंतु बैठकीच्या वहीत तिचे नाव नसते. नवरा गेला की त्या घराला निरोप जाणेही थांबते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, तो चुकला तर पेन्शन अडते, आणि हे तिला बहुधा अडल्यावरच कळते. म्हणून मी कार्यकारिणीपुढे सूचना ठेवली आहे की नोव्हेंबराच्या पहिल्या दोन शनिवारी मंडळाची खोली या कामासाठी उघडी ठेवावी, लिहिता येणाऱ्या चार मुली बसवाव्यात आणि पारावरच्या मंडळींनाही बोलवावे. दोघा पेन्शनरांनी होकार दिला आहे. खुर्च्या कमी पडतील. ज्यांच्या घरी असतील त्यांनी एकेक पाठवावी.