पालघरचे अर्जनवीस: दुसऱ्यासाठी लिहिण्याच्या धंद्याचा इतिहास

अर्ज, दस्त, प्रतिज्ञापत्र किंवा खुशालीचे पत्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून, नगाप्रमाणे मोबदला घेऊन लिहून देणाऱ्याला अर्जनवीस किंवा दस्तलेखनिक म्हणतात. तो सरकारी नोकर नसतो आणि कोणा एका धन्याचाही नसतो. ज्याचे काम असेल त्याच्यासाठी, त्या कामापुरता तो लिहितो. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यात या धंद्याला मोठे महत्त्व आले. इथे जमीन अनेकदा कागदावरून हातची गेली, कधी कागदावरूनच परत मिळाली, आणि ज्यांचा त्या कागदाशी संबंध होता त्यांतल्या बहुतेकांना तो वाचता येत नव्हता.

उत्तर कोकणात सांगून लिहवून घेण्याची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तला एक भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ मध्ये लिहिला. मालाडच्या नायकोरावाची प्रेरणा त्यामागे होती, आणि या मुलखातल्या घराण्यांची कुळे व वृत्ती नोंदवणे हा त्याचा हेतू होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर व वसई जिंकल्यावर या किनाऱ्याचा कारभार मराठी दफ्तरात आला. त्या दफ्तराची लिपी मोडी होती. मराठी मुलखात गावचा हिशेब ठेवणारा कुळकर्णी वतनावर जगे. खाजगी कागद लिहिणाऱ्याला ज्याचे काम असेल तो मोबदला देई. सही न येणारा माणूस कागदावर आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. कुणब्याची ‘निशाणी नांगर’ अशी होती. शेवटी साक्षीदारांची नावे येत आणि लिहिणारा ‘बकलम’ असे लिहून आपले नाव घाली. त्यामुळे पुढे वाद झाला तर कागद कोणी लिहिला हे कळत असे.

१८१८ नंतर इंग्रजी अमलात मुद्रांक, नोंदणी आणि दिवाणी न्यायालय या तीन गोष्टींनी धंद्याचे रूप बदलले. १८६४ मध्ये नोंदणीचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला. आजचा कायदा १९०८ चा आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवणे सक्तीचे ठरले. गहाणखताला दोन साक्षीदार लागू लागले. जमिनीचे वर्णन, चतुःसीमा, भरणा कसा झाला, ताबा कधी दिला, हे सारे ठराविक शब्दांत मांडणे आवश्यक झाले आणि ते शब्द जाणणाऱ्याला मागणी आली. आजच्या पालघर तालुक्याला तेव्हा माहीम तालुका म्हणत. १८६४ मध्येच मुंबई-अहमदाबाद रेल्वे पुरी झाली आणि पुढे तालुक्याची कचेरी किनाऱ्यावरच्या केळवे-माहीमहून रेल्वेवरच्या पालघरला आली. कचेरीच्या आवारात मुद्रांकविक्रेता आणि अर्जनवीस हे दोघे शेजारी बसत. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही कामे करी.

या धंद्याची खरी कसोटी लागली ती निरक्षर ऋणकोच्या कागदावर. सावकार मजकूर सांगे, लेखनिक लिही आणि ऋणको अंगठा उठवी. लेखनिकाची फी सावकाराच्या खिशातून येत असेल तर कागदातला आकडा कोणाच्या बाजूने झुकेल, हे उघड होते. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले ते याच रागाने. त्यावर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत ग्रामनिबंधक नेमले. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद त्यांच्यासमोर, त्यांच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तरतूद होती. लिहिणाऱ्याचा तटस्थपणा कायद्याने जपण्याचा हा मोठा प्रयत्न होता, पण मूळ कायद्याच्या त्या चार जिल्ह्यांत हा पट्टा ज्यात होता तो ठाणे जिल्हा नव्हता. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत वारली कुटुंबे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या वेठीला जुंपली गेली. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १९४८ चा कूळ कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ आल्यावर लेखनिकाकडचे काम पालटले. कुळाचे अर्ज, जबाब आणि त्या कायद्याच्या कलम ३२ ग खालची प्रकरणे यांसाठी कूळच आता लिहवून घेऊ लागले. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट काही प्रमाणात खुली केली. जुनी मोडी खते वाचून देणाऱ्या जाणकारांची गरज त्यामुळे टिकली.

बोईसर-तारापूरला दुसऱ्या प्रकारचे लेखन वाढले. तारापूर अणुवीज केंद्राचे दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. तिसरा व चौथा संच २००५-०६ मध्ये आले आणि त्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. भूसंपादनाच्या नोटिशीला हरकत, मोबदल्याचा दावा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, नोकरीचा अर्ज अशी एकामागून एक कागदांची मालिका विस्थापिताला पुरी करावी लागते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून कामगार आले. ज्यांना लिहिता येत नसे ते घरचे पत्र आणि मनीऑर्डरचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेत. टेलिफोन आणि मोबाईल आल्यावर पत्रलेखनाचे काम संपत गेले.

बोरू-टाकाची जागा टाईपरायटरने आणि पुढे संगणकाने घेतली. नोंदणी कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीने दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे आवश्यक झाले, त्यामुळे तोतयेगिरी अवघड झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे भरण्यात संघटनांच्या कार्यकर्त्यांनी मोबदला न घेता लेखनिकाचे काम केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि कामासाठी ठाण्याला जाण्याची गरज कमी झाली. आता पुष्कळ अर्ज सेवा केंद्रात ऑनलाईन भरले जातात, तरी फॉर्म भरणारा आणि ज्याच्यासाठी भरायचा तो यांच्यातला व्यवहार तोच आहे. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणे, समजल्याची खात्री करणे आणि मगच अंगठा वा सही घेणे, ही जुनी रीत जिथे पाळली जाते तिथेच कागद खऱ्या अर्थाने सांगणाऱ्याचा राहतो.