विनोदातील रिकामे ताट

शीतयुद्धाच्या काळातील एक विनोद प्रसिद्ध आहे. चार देशांच्या माणसांना कोणी विचारतो, "क्षमा करा, मांसटंचाईविषयी आपले मत काय?" अमेरिकन म्हणतो, "टंचाई म्हणजे काय?" पोलिश म्हणतो, "मांस म्हणजे काय?" रशियन म्हणतो, "मत म्हणजे काय?" आणि इस्रायली म्हणतो, "क्षमा करा म्हणजे काय?"

विनोद चटकदार खरा. परंतु आमच्या मते त्यात एक गफलत आहे. इस्रायली माणसाचा उद्धटपणा येथे स्वभाव म्हणून रंगविला आहे. पोलिश माणसाचे रिकामे ताट हा काही स्वभाव नव्हे. सरकारने मांसाचे भाव कृत्रिम रीतीने खाली ठेवले होते; मागणी वाढत गेली, पुरवठा पुरेना. डिसेंबर १९७० मध्ये खाद्यपदार्थांचे भाव वाढविताच बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांत दंगे उसळले आणि कामगारांवर गोळीबार झाला. जुलै १९८० मध्ये मांस महागले, तेव्हा पुन्हा संप सुरू झाले. ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या संपकऱ्यांनी मांडलेल्या २१ मागण्यांत मांसासाठी शिधापत्रिका द्याव्यात, अशीही एक मागणी होती! १९८१ मध्ये त्या आल्या, १९८९ मध्ये गेल्या. माणसे तीच राहिली. व्यवस्था बदलली आणि विनोदाचा आधारच सुटला.

परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना शेजाऱ्याच्या ताटावरून त्याची जात-प्रकृती ठरविण्याचा मोह नेहमीच होतो. हसावे जरूर, पण ताट रिकामे कोणी केले, हेही विचारावे.