मोटारगाडीतील ध्वनिसंच व विद्युत् गोंगाट

मोटारगाडीतील रेडिओ, ध्वनिफीतवादक इ. साधनांच्या ध्वनीत गाडीच्या विद्युत् यंत्रणेमुळे किंवा बाह्य कारणांमुळे मिसळणाऱ्या अनिष्ट आवाजास विद्युत् गोंगाट म्हणतात. त्याचा उगम शोधून तो दडपण्याच्या तंत्राचा इतिहास मोटार-रेडिओइतकाच जुना आहे.

प्रारंभ : अमेरिकेतील पॉल गॅल्व्हिन यांनी १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाच्या वेळी आपला मोटार-रेडिओ लोकांसमोर आणला. ‘मोटोरोला’ हे त्याचे व्यापारी नाव १९४७ मध्ये कंपनीनेच धारण केले. त्यापूर्वीही गाडीत रेडिओ ग्रहणी बसविण्याचे प्रयत्न झाले होते. परंतु एंजिन सुरू होताच कार्यक्रम कडकडाटात बुडून जाई. पेट्रोल एंजिनात ठिणगी गुडदीच्या टोकांमध्ये हजारो व्होल्ट दाबाने ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा रेडिओ प्रेषकच असतो. मार्कोनी यांचे आरंभीचे प्रेषकही ठिणगीवरच चालत. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात मिनिटास ३,००० फेरे होत असता सेकंदास १०० ठिणग्या पडतात. परमप्रसर विरूपण पद्धतीच्या ग्रहणीस हे स्पंद व कार्यक्रमाचा संदेश यांतील भेद ओळखता येत नाही.

यावर उपाय म्हणून गुडद्यांच्या तारांत सु. १०,००० ओहमचे रोधक व जनित्राच्या अग्रांशी धारित्रे जोडण्यात येऊ लागली. ग्रहणी धातूच्या पेटीत ठेवून आकाशकाच्या तारेस परिरक्षण देण्यात आले. पुढे कार्बनयुक्त धाग्यांच्या रोधी तारा प्रचारात आल्या. ट्रँझिस्टर रेडिओ १९५५ च्या सुमारास गाड्यांत आल्यावर इलेक्ट्रॉन नलिकांना लागणारा उच्च दाब निर्माण करणारा कंपकही अनावश्यक ठरला व गोंगाटाचे एक साधन नाहीसे झाले.

नियमन : एका गाडीच्या ठिणग्यांचा उपद्रव शेजारच्या घरातील ग्रहणीसही होतो. त्यामुळे केवळ श्रोत्याने आपला संच सुरक्षित करणे अपुरे आहे, गोंगाट उगमापाशीच रोखला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. रेडिओ व्यतिकरणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय विशेष समितीचे कार्य १९३४ मध्ये सुरू झाले. ब्रिटनने १९५२ मध्ये प्रज्वलन यंत्रणेच्या व्यतिकरणावर मर्यादा घालणारे नियम केले. भारतात मोटारगाड्यांच्या चाचण्यांचे काम पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था करते. तीत विद्युत् चुंबकीय व्यतिकरणाच्या चाचण्यांचाही समावेश आहे.

प्रत्यावर्तकाची शीळ : क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलियंट गाडीत प्रत्यावर्तक बसविला आणि पुढे तो सार्वत्रिक झाला. त्याचा त्रिकला प्रवाह सहा डायोडांनी एकदिश केला, तरी त्यात सूक्ष्म तरंग शिल्लक राहतात. बारा ध्रुवांचा प्रत्यावर्तक मिनिटास ६,००० फेरे घेत असल्यास त्यांची कंप्रता ३,६०० हर्ट्‌झ होते. ही कंप्रता कानास चांगलीच जाणवते व एंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाते. दिवे लावून भार वाढविला की शीळ बहुधा तीव्र होते. ध्वनिफीतवादकास निराळा विवर्धक जोडण्याची प्रथा पडल्यावर या दोषाने नवे रूप घेतले. वादक पुढे व विवर्धक मागे, असे दोन ठिकाणी सांगाड्यास जोडले, तर दोन्ही ठिकाणांच्या विद्युत् वर्चसांतील अल्प फरक संदेशाच्या तारेतून वाहू लागतो. येथे धारित्राचा विशेष उपयोग होत नाही. दोन्ही साधनांचे भूसंपर्कन एकाच स्वच्छ बिंदूशी करावे लागते.

उगमाचा शोध : ठाणे जिल्ह्यातील कल्याणजवळचे विठ्ठलवाडी हे या दृष्टीने बोधप्रद स्थळ आहे. कल्याण–कर्जत लोहमार्गावरील या स्थानकावरून जाणाऱ्या मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले; पुढे मुंबई उपनगरी क्षेत्रात २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाचे रूपांतर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. वरची तार व गाडीचा प्रवाहग्राहक यांत पडणाऱ्या ठिणग्या बाह्य गोंगाट निर्माण करतात. याच परिसरात राज्य परिवहनाचे आगार आहे. तेथील डीझेल बसच्या एंजिनात ठिणगी गुडदी नसल्याने प्रज्वलनाचा कडकडाट होत नाही, मात्र प्रत्यावर्तकाची शीळ संभवते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या रिक्षांत ठिणगी असतेच.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असतो. एंजिन बंद केल्यावरही आवाज राहिला आणि जागा बदलताच गेला, तर उगम बाहेर आहे. एंजिनाबरोबर थांबणारा आवाज आकाशक काढल्यावर नाहीसा झाला, तर तो आकाशकातून शिरतो. कायम राहिला, तर पुरवठ्याच्या किंवा संदेशाच्या तारांतून येतो. हा क्रम सोडून आधीच छानक विकत घेतल्यास खर्च होतो, परंतु दोष बहुधा तसाच राहतो.

कंप्रता विरूपण प्रसारण व अंकीय साधने यांमुळे कडकडाटाचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तथापि विद्युत् मोटारगाड्यांतील द्रुतगतीने उघडझाप करणारी प्रवाह-नियंत्रक मंडले मध्यम तरंगांच्या ग्रहणात अडथळा आणतात. काही उत्पादकांनी अशा गाड्यांतून हा तरंगपट्टाच वगळला आहे.