राजकोश आणि गावची शाळा

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राजाचा कोश भरलेला होता, कोठारे धान्याने ओसंडत होती. या संपत्तीतून महायज्ञ करावा असे त्याच्या मनात आले. राज्यात मात्र चोर-लुटारूंचा उपद्रव माजला होता. पुरोहिताने सल्ला दिला की, अशा वेळी प्रजेवर नवा कर लादणे अधर्म होय आणि नुसत्या दंडाने उपद्रव शमणार नाही. शेती व गोपालन करणाऱ्यांस बी व वैरण द्यावी, व्यापार करणाऱ्यांस भांडवल द्यावे, राजसेवेत असणाऱ्यांस अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले आणि प्रजा निर्भय झाली. या कथेचे मर्म आम्हांस असे दिसते की, राज्याची नीती त्याच्या कोशाच्या विनियोगात दिसते. शाळांचा इतिहास याच दृष्टीने तपासला पाहिजे.

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव आज कोल्हापूर शहरास व पुणे-बंगळूर महामार्गास लागून आहे. शंभर वर्षांपूर्वी ते कोल्हापूर संस्थानच्या मुलखातील एक खेडे होते. अशा खेड्यांतील कष्टकऱ्यांच्या मुलांस शाळा कोणाच्या पैशाने मिळावी, हा प्रश्न त्याही आधी महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारपुढे मांडला होता. १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गास होतो. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांच्या शेजारी बसू दिले जात नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात नमूद केले.

सरकारने ही मागणी मानली नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेही १९१२ साली फेटाळले गेले. साम्राज्याच्या तिजोरीस जे पेलत नाही असे सांगितले गेले, ते दोन देशी संस्थानांनी करून दाखविले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू केली.

या कायद्याचे वैशिष्ट्य आमच्या मते त्याच्या आर्थिक बाजूत आहे. महाराजांनी कायद्याबरोबरच वार्षिक एक लाख रुपयांची तरतूद मंजूर केली आणि दरबारच्या खजिन्यास शिक्षणपट्टीची जोड दिली. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पालकावर सक्ती करणाऱ्या राज्याने शाळा व शिक्षक पुरविण्याची सक्ती स्वतःवरही घेतली होती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम काढला. शाळा वेगळी राहिली की तिच्यासाठीची तरतूदही वेगळी व दुय्यम राहते. फुल्यांनी १८८२ साली ज्या बाकाविषयी तक्रार केली होती, तो बाक या हुकुमाने सर्वांचा ठरला.

ब्रिटिश मुलखात चित्र निराळे होते. मुंबई इलाख्यात १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, परंतु सक्ती लागू करण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले गेले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अंदाजपत्रकाचे आकडेच सभागृहापुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई अवघे १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे अबकारीतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची न्याय्य मागणी होती. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हेही त्यांनी निदर्शनास आणले. शिक्षण खाते देवाणघेवाणीच्या हिशोबावर चालविता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांचा हा युक्तिवाद दयेची याचना नव्हता. कर देणाऱ्याने आपल्या पैशाचा हिशोब मागितला होता.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भारतीय संविधानाच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यास दहा वर्षांची मुदत घालून दिली. ती मुदत १९६० साली संपली. १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या व गावोगावच्या शाळा त्यांच्या हाती गेल्या, तरी शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानावरच अवलंबून राहिले. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचविले. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरण्यास २००२ साल उजाडले आणि त्याचा कायदा अमलात येण्यास २०१० साल.

हक्क कायद्यात आला, पण तिजोरीची भाषा फारशी बदलली नाही. २०१७ साली कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा बहुधा वाड्या-वस्त्यांवर, दुर्गम भागांत असतात. दर मुलामागे खर्च जास्त येतो, हा त्यामागचा हिशोब. परंतु जवळची शाळा मिटली की प्रथम कोणाची मुलगी घरी बसते, हा आकडा त्या हिशोबात धरला जात नाही.

उचगावसारख्या शहरालगतच्या गावात शाळा पटाअभावी बंद होण्याची भीती कमी असेल. येथे धोका वेगळा असतो. ज्यांना परवडते ते फी भरून खाजगी शाळेकडे वळतात आणि जिल्हा परिषदेची शाळा केवळ गरिबांची उरते. ज्या शाळेत गावातील वजनदार माणसांची मुले नाहीत, तिच्या गळक्या छपराविषयी व रिक्त जागांविषयी ग्रामसभेत कोण बोलणार? १९१९ साली हुकुमाने मोडलेली वेगळी शाळा अशा रीतीने फीच्या वाटेने परत येते.

म्हणून आमच्या उपासक-उपासिकांस आमचे सांगणे आहे. राजर्षींची व बाबासाहेबांची जयंती आपण भक्तिभावाने साजरी करतो. त्यासोबत दर मार्चमध्ये राज्याचे व जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक वाचावे. आपल्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, दुरुस्तीची रक्कम आली किती व खर्च झाली किती, हे शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विचारावे. बाबासाहेबांनी १९२७ साली विधिमंडळात जे केले, ते गावच्या पातळीवर करण्यास आज कोणाचीही परवानगी लागत नाही.