ग्राहकनिहाय दरांचा डेटाबेस

एकच माल निरनिराळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या दराने विकणाऱ्या व्यवसायासाठी केलेली कोष्टकबद्ध माहितीरचना. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल (माहिती परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांत ठेवणारे) प्रारूप हा तिचा पाया होय. उदाहरणार्थ, लातूर ही तूर व सोयाबीनची मोठी बाजारपेठ. तेथील डाळमिलची तूरडाळ नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याला एका, तर किरकोळ दुकानदाराला दुसऱ्या दराने जाऊ शकते.

अशा वेळी ‘ग्राहक’ व ‘माल’ ही कोष्टके स्वतंत्र ठेवतात. त्यांना जोडणाऱ्या ‘दर’ कोष्टकात ग्राहक क्रमांक, माल क्रमांक, लागू तारीख व दर हे रकाने असतात. पहिले तीन मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ एकमेव ठरवणारी किल्ली, होते. त्यामुळे एका ग्राहकाला एका मालाचे एकाच तारखेपासून दोन दर लागू शकत नाहीत. खास दर नसल्यास ‘माल’ कोष्टकातला मूळ दर लागतो. भाव बदलला की जुनी ओळ न खोडता नवी भरतात. उदा., १ व १५ एप्रिलच्या ओळी असतील, तर १० एप्रिलच्या बिलाला १ एप्रिलचा दर लागतो. प्रत्यक्ष लावलेला दर बिलाच्या ओळीतही नोंदवतात. त्यामुळे पुढे दर दुरुस्त केला तरी जुने बिल बदलत नाही. उधारीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंचा विश्वास टिकायला ही अचूकता उपयोगी पडते.